भरवशाचा बार

"आवाज सोसतो का?"

काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, या नाही, बसा नाही. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या त्यांच्या घराच्या दारात मी हातात चिवड्याचा डबा घेऊन उभी, आणि आतून काकू ओरडतायत, "अहो, आधी तिला आत तर येऊ द्या!"

मी म्हटलं, सोसतो.

"मग मागे या. चहा नंतर."

मागे म्हणजे बागेत. तिथे दुधाचा एक प्लॅस्टिकचा क्रेट पालथा घातलेला होता. काकांनी एका पेटीचं कुलूप काढलं, तळहातात मावेल एवढं एक भडक नारिंगी पिस्तूल बाहेर घेतलं, क्रेटवर चढले, हात आभाळाकडे केला आणि... ठो! शेजारच्या कुंपणावरची दोन कबुतरं उडाली, पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला, माझ्या हातातला चिवडा निम्मा गवतावर. काका शांतपणे खाली उतरले आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहून म्हणाले, "चौथं झालं. आता पाचवं नीट ऐका. ह्या पेटीतला माल जरा संशयास्पद वाटतोय."

घाबरू नका. इथे खऱ्या पिस्तुलांना केव्हाच बंदी आली. काकांचं होतं ते शर्यत सुरू करायचं पिस्तूल. नळी बंद, काडतुसात फक्त दारू, गोळीचा पत्ता नाही. कोणाला खऱ्याचा भास होऊ नये म्हणून वरून असला रंग, की लांबून गाजर वाटावं. काका आमच्या भागातल्या ॲथलेटिक्स क्लबचे स्टार्टर होते. माझी मुलगी ईरा त्या क्लबात जायला लागली, यादीत मराठी आडनाव दिसलं, म्हणून त्यांनी मला घरी बोलावलं होतं. मला वाटलं, गावाकडच्या गप्पा होतील, ओळखीपाळखी निघतील. कसलं काय! दोन तास मी काडतुसं ऐकली.

काका मूळचे सांगलीचे. इथल्या ट्रेडिंग इस्टेटवर व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात तपासणीखात्यात काढली. धावण्याशी त्यांचा संबंध शून्य. आयुष्यात ते बससाठीसुद्धा धावले नाहीत. "बस गेली तर दुसरी येते," म्हणायचे, "बार गेला तर दुसरा येत नाही." निवृत्त झाल्यावर क्लबला स्टार्टर हवाय असं कळलं, हे गेले, पिस्तूल हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "ह्याची तपासणी कोण करतं?" कोणीच करत नव्हतं. झालं! त्या दिवसापासून ते पिस्तूल काकांचं आणि काका पिस्तुलाचे.

दर शनिवारी बागेत चाचणी. त्याआधी पोलिसांना फोन. "गुड मॉर्निंग. आज अकरा वाजता मी माझ्या बागेत दहा बार काढणार आहे. कोणाची तक्रार आली तर घाबरू नका." पलीकडची बाई सरावलेली होती. "सेम ॲज लास्ट वीक, सर?" "नो," काका गंभीरपणे सांगायचे, "धिस वीक इज न्यू बॅच." एकदा एक तरुण पोलीस खरंच बघायला आला. काकूंनी त्याला शिरा दिला, काकांनी सात प्रकारची काडतुसं दाखवली. तो बिचारा दीड तासाने सुटला. पुन्हा काही कोणी आलं नाही.

नवी पेटी आली की त्यातली पहिली दहा काडतुसं नैवेद्याची. ती उडवून बघायची, वहीत नोंद करायची आणि मगच उरलेल्यांना मैदान दाखवायचं. वहीत रकाने आखलेले: माल, उडाले, फुसके, भरवसा, शेरा. मीही पोटासाठी सॉफ्टवेअरच टेस्ट करते, त्यामुळे आमचं गोत्र जुळलं. पण माझ्या कामात चूक निघाली तर सोमवारी दुरुस्त होते. काका म्हणायचे, "तुमचं बरंय हो. माझ्या सहा पोरी खाली वाकलेल्या, श्वास धरलेला, आणि वरून नुसतं टिक! त्या पोरींचा श्वास परत कोण भरून देणार?"

फुसका बार हा काकांच्या आयुष्यातला एकमेव राक्षस. मैदानावर त्यांचा एकही बार फुसका गेलेला नव्हता, आणि हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. काकू सांगायच्या, आणि हे छताकडे बघत बसायचे.

त्यांचं लहान पिस्तुलांवरचं प्रवचन मला आता पाठ आहे. "मोठ्या पिस्तुलाला काहीही चारा, पचतं. लहानाचं पोट नाजूक. स्प्रिंग बारकी, घोडा हलका. काडतुसाची टोपी जरा कडक निघाली की नुसती टिचकी बसते, पेट काही घेत नाही. म्हणून आधी पिस्तूल काय खातं ते बघायचं आणि मग तेच द्यायचं. जाहिरात बघून नाही." सगळ्यात बारक्या काडतुसांवर त्यांचा राग होता. त्यांत पेट घेणारं द्रव्य बुडाच्या कडेने फिरवून भरतात. एखाद्या जागी राहून गेलं आणि घोडा नेमका तिथेच पडला की संपलं. त्याच्या वरच्या मापात ते मधोमध असतं, म्हणून काकांचा जीव त्या वरच्या मापावर. तेलाचं तर नाव काढायचं नाही. "पिस्तुलाला तेल म्हणजे वरणाला फोडणी नव्हे, जास्त झालं की काडतूस गारद."

आणि धूर! बिनधुराची स्वच्छ काडतुसं मिळतात, क्लबला तीच हवी होती. काकांना मात्र जुन्या पद्धतीची, भसाभस धूर सोडणारीच लागायची. का, तर शंभर मीटरवर घड्याळं घेऊन उभ्या असलेल्यांना आवाज उशिरा पोचतो, ते धूर बघून बटण दाबतात. "आवाज पोरांसाठी, धूर घड्याळवाल्यांसाठी." ह्या धुराने पिस्तूल असं काही काजळायचं, की दर स्पर्धेनंतर गरम साबणपाणी आणि टूथब्रश. काकू सगळ्या पाहुण्यांना बजावायच्या, "आमच्या बाथरूममधल्या ब्रशला हात लावायच्या आधी विचारा हं."

ह्या देशातल्या ओलीचा काकांना भारी वैताग. दारूला ओल लागली की खेळ खलास. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा जगात दुसऱ्या कोणाला सुचला नसता. त्यांच्या लग्नात काकूंच्या भावाने हुबेहूब एकसारखे दोन मिसळणाचे डबे दिले होते. स्टीलचे, घट्ट झाकणाचे, आत सात वाट्या. एकात काकूंचं मिसळण. दुसरा काकांनी बळकावला. सात वाट्यांत सात मालांची काडतुसं, खाली ओल शोषायला चार चार दाणे तांदूळ, आणि डबा बॉयलरच्या उबदार कपाटात टॉवेलांच्या वर. काकू कपाळाला हात लावायच्या. "जावयाला दिलेल्या डब्यात दारू भरलीय, हे दादाला कळलं तर?"

"दादाला सांग, कोरडी आहे."

आता ईराबद्दल. माझ्या लेकीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन लावते, पण धावताना ती काढून माझ्या हातात देते, कारण उडून पडतात. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. जन्म इथला, मराठी तिच्या स्वतःच्या कारखान्यात तयार झालेली. लोक तिच्याशी दोनच प्रकारे वागतात: एक तर फार हळवे होतात, नाहीतर फार मोठ्याने बोलतात. काकांनी दोन्ही केलं नाही. पहिल्याच दिवशी तिच्यासमोर उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "ओळीत वाकलीस की तुला काय दिसतं?"

ईरा म्हणाली, "काका, तुझा हात दिसतो. मग धूर दिसते. मग मी पळतो."

आजतागायत मला ह्याची लाज वाटते, पण तिला काय ऐकू येत नाही हेच मी अकरा वर्षं मोजत बसले होते. तिला काय दिसतं, हे कधी विचारलंच नव्हतं. काकांनी विचारलं आणि पुढच्या आठवड्यात मैदानावरचा त्यांचा क्रेट दोन पावलं पुढे सरकला, ईराला कडेची आतली लेन मिळाली आणि सगळ्यात धुरकट माल मधल्या वाटीत गेला. ती ईराची वाटी. दुसऱ्या कोणाच्या शर्यतीला त्यातलं काडतूस लागायचं नाही. काकूंनी जुन्या लाल लुगड्याची एक बाही शिवून दिली, ती काका उजव्या हातात कोपराच्या वर चढवायचे. आभाळ कसंही असो, तो हात दिसायचाच.

पोरगी सुटायला लागली. अशी सुटायला लागली, की मीच बघत राहायचे.

आणि मग आली पेटी. काळी, इलेक्ट्रॉनिक, पिस्तुलाऐवजी पीं करणारी. दुसऱ्या एका क्लबच्या मैदानावर आम्ही ती पहिल्यांदा पाहिली. वर एक दिवा लागतो, पण उन्हात तो लागलाय की नाही ते देवाला माहीत. पीं झालं, पाच पोरी गेल्या, आणि माझी पोर तशीच खाली वाकलेली. वाट बघत. कोणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा तिने वर पाहिलं. गाडीत ती म्हणाली, "आई, मला नको आता. मी वेडा दिसतो." काका मागच्या सीटवर होते. त्या दिवशी त्यांनी काकूंच्या डब्यातली पोळी तशीच परत नेली.

पुढच्या वर्षीपासून आमच्या क्लबातही पेटीच येणार, असं सेक्रेटरी ग्रॅहमने जाहीर केलं. ग्रॅहम वाईट माणूस नव्हता, निवृत्त पोस्टमन, सगळ्यांचे वाढदिवस पाठ असलेला. पण पेटीला साबणपाणी लागत नाही, पोलिसांना फोन लागत नाही. राहता राहिली एक निवड चाचणी. मुलींच्या शंभर मीटरमधून दोघींना क्लबच्या टीमात घेणार होते. ईराने घरी सांगून टाकलं होतं, की ही शेवटची. टीमात आले तर पळेन, नाहीतर बूट कपाटात. ती बोललेलं करते, आईवर गेलीय. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मधल्या वाटीत अकरा शिल्लक आहेत. पुरेत."

चाचणीच्या सकाळी मी त्यांना घ्यायला गेले तर घरात बॉयलर दुरुस्त करणारा आलेला, कपाट रिकामं, टॉवेल जिन्यावर, बाकी सामान ओट्यावर, काकूंची चिडचिड. काका लाल बाही घालून तयार. एका हातात पिस्तुलाची पेटी, दुसऱ्या हातात ओट्यावरून उचललेला डबा. मैदानावर पोचलो, ऊन पडलं होतं, पोरी उड्या मारत होत्या. काकांनी क्रेटवर डबा ठेवला, झाकण उघडलं.

मोहरी. जिरं. हळद. तिखट. मेथ्या, धणेपूड, हिंग.

मी आधी खो खो हसले. मग काकांचा चेहरा बघितला आणि तोंडावर हात दाबला. प्रत्येक पेटीचा नैवेद्य दाखवणारा हा माणूस, झाकण उघडून बघायचं तेवढं विसरला होता. तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा आवाज क्रेटपासून ग्रॅहमपर्यंत सगळ्यांना ऐकू गेला. "अहो! पोह्यांना फोडणी टाकायला गेले, तेल तापलंय, आणि मोहरीच्या जागी तुमची काडतुसं! चमचा बुडवला होता मी!"

"गॅस बंद केलास?"

"केला! पण पोहे भिजलेत, त्यांचं आता काय करू?"

घरी जाऊन यायला पाऊण तास. शर्यत वीस मिनिटांवर, आणि नंतर मैदान फुटबॉलवाल्यांचं. ग्रॅहमने क्लबच्या शेडमधून काडतुसांची एक जुनी पेटी शोधून आणली. काकांनी नुसता वास घेतला आणि मान हलवली, पण तरी एक एक करून सहा लावून बघितली. टिक. हात वर तसाच, मनात तीस आकडे मोजायचे, कारण एखादं उशिरा पेटतं. पुन्हा टिक. सहाच्या सहा. ओलीने मेलेली. ग्रॅहम हळूच म्हणाला, त्याच्या गाडीत नवी काळी पेटी आहे.

ईरा आमच्याकडे बघत होती. मशीन काढलेली, ती माझ्या मुठीत. तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण चेहरे ती तुमच्याआमच्यापेक्षा नीट वाचते. तिने बुटाची नाडी सोडायला घेतली.

"ए! थांब!" काका असे ओरडले, की तिलासुद्धा ऐकू गेलं असावं. मग माझ्याकडे वळले. "चहाच्या शेडमध्ये पाव कापायच्या फळ्या आहेत. लाकडी. दोन आणा. पळा!"

मी पळाले. चाळिशी उलटल्यावर एवढी कधी पळाले नव्हते. काकांनी एक फळी आडवी धरली आणि हळदीच्या वाटीतली निम्मी हळद तिच्यावर पसरली. दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फाडकन फळीवर फळी! मैदान दुमदुमलं, आणि त्यांच्या डोक्यावर पिवळाधमक ढग. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "येळकोट येळकोट!" काका नखशिखांत पिवळे, भुवया पिवळ्या, लाल बाही पिवळी. पलीकडून घड्याळवाल्यांनी अंगठे वर केले. स्पष्ट दिसलं होतं.

ग्रॅहमने चष्मा काढून पुसला, परत लावला. "वेल," तो म्हणाला, "आय सॉ इट. आय हर्ड इट. आय कॅन स्मेल इट." आणि शिट्टी वाजवून त्याने पोरींना ओळीत बोलावलं.

आता हळद उरली होती एकाच बारापुरती. मी म्हटलं, काका, तिखट आहे की अजून. काकांनी असं बघितलं माझ्याकडे, की मी उरलेली हळद फळीवर ओतून डब्याला झाकण लावलं. सहा पोरी डोळे चोळत कुठे गेल्या असत्या, देव जाणे!

"ऑन युवर मार्क्स," सांगलीच्या इंग्रजीत काका म्हणाले. पोरी वाकल्या. वाऱ्याची एक झुळूक आली. काका थांबले. फळीवरची हळद कडेने भुरभुरली, मी डोळे मिटले, उघडले. वारा पडला. "सेट." हात वर, फळ्या लांब. इतक्या वर्षांची वही, इतकी नैवेद्याची काडतुसं, आणि सगळा भरवसा आता पाव कापायच्या दोन फळ्यांवर.

फाड!

ढग उठला आणि ईरा त्या ढगातूनच निघाल्यासारखी सुटली. सगळ्यांच्या आधी! मी काय ओरडत होते मला आठवत नाही, पण मराठीतच ओरडत होते, आणि ग्रॅहमही माझं ऐकून "पळ, पळ" करत होता. ऐंशी मीटरवर एक उंच पोरगी तिच्या पुढे गेली. बाकी कोणी नाही. ईरा दुसरी आली. टीमात दोघींनाच घ्यायचं होतं.

ती थांबलीच नाही. रेषा ओलांडून तशीच वळून सगळं मैदान उलटं पळत आली आणि काकांना मिठी मारली. दोघंही पिवळे. "काका, तुझी धूर पिवळा होता!" काकांनी तिचं व्याकरण कधीच सुधारलं नाही. त्यांनी क्रेटवर बसकण मारली आणि नाक शिंकरलं, आणि ते हळदीने नव्हतं हे मलाही कळलं. घरी गेलो तेव्हा काकूंनी दार उघडलं, नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आता हळद लागलीच आहे तर पुन्हा लग्न करता का?" मग आम्ही फोडणी नसलेले पोहे खाल्ले, वरून नुसतं लिंबू पिळून. इतके चांगले पोहे मी पुन्हा खाल्ले नाहीत.

ग्रॅहमने काळी पेटी आणलीच, पण तिच्याबरोबर हाताएवढा मोठा दिवाही आणला आणि तो कुठे लावायचा हे ईराला विचारून लावला. काका त्यानंतर दोन वर्षांनी मुलीकडे स्कॉटलंडला राहायला गेले. तिथून फोन येतो, ओलीला शिव्या घालतात. निघताना त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. "तुम्ही तपासणीवाल्या," म्हणाले, "तुमच्याकडे राहू द्या."

पानंच्या पानं काडतुसं आहेत तिच्यात. शेवटची नोंद त्या दिवसाची, त्यांच्या सरळ, टोकदार अक्षरात. माल: हळद, घरची. उडाले: दोन. फुसके: शून्य. भरवसा: पूर्ण. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे एरवी ओल, काजळी, कडक टोपी असलं काहीतरी असायचं, तिथे एकच ओळ.

पोरगी वेळेवर सुटली.